तोंडात उरलेले नाव

माझ्या यजमानांचे नाव यशवंत. असे सरळ लिहून टाकते, कारण आता त्याने कोणाचे काही वाईट व्हायचे राहिलेले नाही. ते जाऊन तीन वर्षे होत आली. त्यांच्या हयातीत मी हे नाव कागदावर लिहायलाही धजले नसते, आणि तरीही भर दुपारी दारादारांत ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याचे नाव घेणारी बायको आमच्या आळीत एकटी मीच होते. हे कसे झाले ते सांगायचे आहे.

मला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि पुढे पुष्कळशी परत आली. ज्यांच्या घरी असे माणूस अंथरुणाला आहे त्यांना माझ्या सांगण्याचा थोडा उपयोग झाला तर बरे. औषधे मात्र मला विचारू नका. इतके काढे प्याले की कोणत्या काढ्याने गुण आला ते वैद्यालाही सांगता येणार नाही. जे औषधात मावत नाही तेवढेच लिहिते.

मनातली बडबड

सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमची सूनबाई फार अबोल हो." मला हसू येई. घरात माझ्याइतकी बडबडी दुसरी कोणी नव्हती, फक्त माझी बडबड कोणाला ऐकू येत नसे. पहाटे उठल्यापासून मी मनातल्या मनात स्वतःवर हुकूम सोडीत असे. 'आधी चूल सारव. मग दूध. डाळ भिजत घातलीस का? नाहीस ना? आता बस बोंबलत.' सासूबाई काही बोलल्या की मी खाली मान घालून ऐके आणि आत अशी फर्मास उत्तरे देई, की त्यांना ऐकू गेली असती तर मला त्याच दिवशी कल्याणला माहेरी धाडले असते. सगळ्यांचेच असे चालत असेल असे मी धरून चालले होते. कोणाला कधी विचारले नाही.

त्या बडबडीत मी यांना नावाने हाक मारीत असे. बायकोने नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, हे आईने लग्नाच्या आधीच माझा कान धरून सांगितले होते. मी तेव्हा नऊ वर्षांची. तेव्हापासून चारचौघांत 'इकडून' आणि 'स्वारी', आणि हाक मारायची झाली तर 'अहो, ऐकलं का?' पण मनात कोण अडवणार? तेराचौदा वर्षांची असल्यापासून मी आत म्हणत असे, 'यशवंता, ऊठ आता, कचेरीला उशीर होईल.' 'यशवंता, किती रे आमटी ओरपतोस!' चक्क अरेतुरे. माझ्या आयुष्यात चोरून केलेली मजा म्हणाल तर ती एवढीच. मनात घेतलेले नावही धरले जाते की काय, अशी शंका कधी कधी येई. पण ती विचारणार कोणाला?

हे ठाण्याच्या कचेरीत नकलनवीस होते. दिवसभर साहेबाचे कागद उतरवून काढायचे आणि संध्याकाळी बोटांना शाई घेऊन घरी यायचे. स्वभावाने थट्टेखोर. आई, धाकटी चिमा आणि मी, एवढेच आमचे घर. मोठी मुलगी सासरी होती.

चैत्रातली दुपार

चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. ओटीवर पंधरावीस बायका, आंब्याची डाळ, पन्हे. मी पन्ह्याची पेली घेऊन शेजारच्या काकूंपुढे वाकले आणि 'घ्या ना' म्हणायला तोंड उघडले. तोंडातून आले, "यशवंत."

बायका माझ्याकडे बघू लागल्या. मग कोणीतरी खिदळले. "अगोबाई, नुसतंच नाव! निदान उखाणा तरी घ्यायचा गं!" सगळ्याच हसू लागल्या. मला वाटले चूक सुधारावी. मी पुन्हा तोंड उघडले आणि पुन्हा तेच आले. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. तेवढ्यात माझ्या उजव्या हातातून पेली सुटली. ती सुटल्याचे मला हाताने कळले नाही, डोळ्यांनी दिसले. काकू ओरडल्या, "हिचं तोंड बघा, तोंड वाकडं झालंय!" त्यापुढचे मला तुटक आठवते. कोणीतरी माझे डोके मांडीवर घेतले होते आणि पन्हे माझ्या लुगड्याखाली पसरत होते. मी सारखी त्यांचे नाव घेत होते. मला म्हणायचे होते, 'मला धरा.'

डॉक्टर

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. वसईकडचे ख्रिस्ती गृहस्थ, बोलणे अगदी सावकाश. बायामाणसांना दवाखान्यात न्यायची तेव्हा पद्धत नव्हती. यांनी त्यांना माझ्या अंथरुणापाशी बसवले आणि सासूबाई दाराआड उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी किल्ल्यांचा जुडगा वर धरला. "हे काय आहे, बाई?"

मला माहीत होते. कोठीचे दार दिसले, कमरेला तो जुडगा लागतो ते जाणवले. सगळे दिसले, पण त्याला म्हणतात काय ते सापडेना. मी म्हणाले, "यशवंत."

त्यांनी पळी दाखवली. "यशवंत." दिवा दाखवला. मी रडू लागले आणि रडतानाही तेच.

हे माझ्या उशाशी बसले होते. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते, तरी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या घरातली प्रत्येक वस्तू मीच आहे असं दिसतंय."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "यांना सगळं समजतं आहे. शब्द हाती लागत नाहीत. काही परत येतील, काही कदाचित येणार नाहीत. जो शब्द येतो तो येऊ द्या. त्याला अडवू नका. त्याच्याच मागून दुसरे येतील. तोंड बंद ठेवलंत तर तोही जाईल."

दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "दुसरा एखादा शब्द आधी शिकवता नाही का येणार?"

मी तोंड मिटले

त्या दिवशी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी मला कधी 'बाळ' म्हटले नव्हते, त्या दिवशी म्हणाल्या. "बाळ, हवं ते खुणेनं माग. मी रात्रंदिवस उशाशी बसेन. पण ते नाव नको घेऊस. पाच पुरले मी, हा एकटा राहिलाय."

त्यांना दोष देऊ नका. त्या बोलल्या नसत्या तरी मी तोंड मिटलेच असते. भय माझ्याही हाडीमाशी रुजलेले होते. पाणी मागायला जावे आणि नवऱ्याचे आयुष्य तोडावे, हा कसला आजार! चुकून नाव निसटले की मी यांच्याकडे टक लावून बघे. खोकतात का? गालफडे बसली का? ज्येष्ठात यांना साधा खोकला झाला, तर मी सारा दिवस पदर दातांत धरून पडले. तीन महिने मी एक अक्षर काढले नाही. लोकांना वाटले वाचा पार गेली.

अंगाला नारायण तेल चोळायला मारी येत असे. ही माजिवड्याकडची ख्रिस्ती शेतकरीण, आमच्याकडे भाजी घालायची. हाताला मोठी गुणी. तिला सगळी हकीकत सासूबाईंनीच सांगितली. ती माझा मेलेला हात मळता मळता म्हणाली, "बाय, मी तं माज्या दादल्याला दिसातून शंबरदा नावानं बोंबलतंय. पास्कू, गुरां बांद! पास्कू, कंय मेलास! तो काय मरत नाय. उलटा दोन भाकऱ्या जास्त खातो."

सासूबाई म्हणाल्या, "तुमचं निराळं, मारी."

"निराळा काय त्यात? मरान सगल्यांना सारकाच," मारी म्हणाली आणि पायाकडे वळली. मी त्या महिन्यांत हसले असेन तर तेवढेच.

आत कोणी नाही

आता जे लिहायचे ते सांगणे सगळ्यात अवघड आहे, आणि घरच्यांना कळायला हवे ते हेच. बाहेरची वाचा गेली हे सगळ्यांना दिसत होते. आतलीही गेली हे कोणाला दिसत नव्हते. ती जन्माची बडबडी बाई गप्प झाली होती. तिथे शांतता होती असेही म्हणवत नाही. सोबतीचे माणूस घर सोडून गेले की जसे वाटते तसे वाटे. वस्तू दिसत. माणसे ओळखू येत. भीती वाटे, माया वाटे. पण एका गोष्टीला दुसरी बांधायची ती दोरी गेली होती. कोठीत काय आणायला आले ते उंबरा ओलांडेपर्यंत पुसून जाई, कारण 'मीठ, मीठ, मीठ' असे घोकत जायला आत कोणी नव्हते. उद्या एकादशी आहे हे सासूबाईंनी सांगितले की कळे. त्या गेल्या की 'उद्या' ही जागाच नाहीशी होई. मला कोणी वेडी म्हटले तर ते खोटे होते. पण तसे सांगायलाही शब्द नव्हते, स्वतःलासुद्धा नव्हते.

आषाढात पाय जरा चालू लागला. एके दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या, म्हणून मी हट्टाने चुलीपाशी बसले. डाव्या हाताने तांदूळ घेतले, भांडे चढवले, जाळ केला. हातांना सवय होती तिथवर सगळे ठीक झाले. मग मी भांड्याकडे बघत बसले. काहीतरी राहिले आहे एवढे कळत होते. काय ते सांगायला कोणी नव्हते. तांदूळ करपून धूर झाला तेव्हा चिमा धावत आली. "आई, पाणी! पाणी नाही घातलंस!" ती सात वर्षांची होती. तिने आपल्या हाताने भांडे ओढून काढले आणि तिच्या बोटांना चटका बसला. तिला जवळ घेऊन 'बाळा' म्हणावे, तर तेही नाही. मी भिंतीवर डोके आपटले.

संध्याकाळी यांनी ते काळे भांडे बघितले. रागावले नाहीत. माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "भातात पाणी घालायचं हे तुला ठाऊक आहे."

मी मान हलवली.

"मग आज तुला कोणी आठवण केली नाही. असंच ना? आतून."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी कळले होते. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"अगं, माझं पोट त्याच्यावरच चालतं," हे म्हणाले. "ह्या कागदावरची ओळ त्या कागदावर न्यायची म्हणजे मध्ये ती कुठंतरी धरावी लागते. डोळ्यांत राहत नाही ती. तोंडात धरायची. नवीन होतो तेव्हा मी मोठ्यानं वाचत असे, हेडकारकून ओरडायचे. मग नुसते ओठ हलवू लागलो. आता ओठही हलत नाहीत, पण आत कोणीतरी वाचत असतं आणि त्याच्या मागं हात चालतो. तुझा तो वाचणारा गेलाय. मला आला तसाच तो तुला पुन्हा आणायचा. मोठ्यानं सुरुवात करू."

मी जोरजोराने मान हलवून नाही म्हटले आणि तोंडावर हात ठेवला.

ओसरीवर

त्या संध्याकाळी मायलेकांचे जे बोलणे झाले ते मी आतून ऐकले. हे म्हणाले, "आई, कचेरीत वीस माणसं मला नावानं हाका मारतात. अजून जिवंत आहे."

"ती तुझी बायको नव्हेत," सासूबाई म्हणाल्या.

"बायको अशी मुकी होऊन बसली तर मी जगून काय करू?"

ते ऐकून आत मी तोंडावरचा हात काढला. दुसऱ्या दिवसापासून धडे सुरू झाले की त्या उठून देवघरात जात आणि मोठमोठ्याने स्तोत्र म्हणत, म्हणजे मागच्या ओसरीवरचे काही कानावर पडायला नको.

ओसरीच्या एका टोकाला यांनी बसायचे, दुसऱ्या टोकाला चिमाने. मधे दहा पावले. हे तांब्या दाखवून म्हणत, "तांब्या." मी ओठ बघून म्हणायचे आणि तो शब्द तोंडात धरून चिमापर्यंत न्यायचा. नकलेचा कागदच तो. पहिल्या दिवशी तीन महिन्यांनी तोंड उघडले आणि आले, "यशवंत." मी घाबरून खालीच बसले.

यांनी तिथून ओ दिली. "ओ! आलो, काय हवंय?"

त्यानंतर मी चुकून नाव घेतले की प्रत्येक वेळी ओ. कधी "हजर आहे, सरकार." एकदा म्हणाले, "लग्नाला एवढी वर्षं झाली, तेव्हा कुठं बायकोनं हाक मारली. तीही तांब्या समजून." चिमा खदखदून हसे. मी रडे आणि हसेही. पण मला खरे काय वाटे ते आज सांगते. त्यांनी ओ दिली की वाटे, एक दिवस गेला. आज पाच वेळा म्हटले, पाच दिवस गेले. ते माझ्यासाठी आपले आयुष्य हसत हसत खर्ची घालताहेत आणि मी शब्द मिळावेत म्हणून ते घेते आहे.

तांब्या पाचव्या पावलापर्यंत टिकू लागला. श्रावणात एक दिवस चिमापर्यंत पोचला. ती टाळ्या पिटत आजीला सांगायला देवघरात पळाली आणि स्तोत्र मध्येच थांबले.

याच दिवसांत चिमा पाढे पाठ करीत होती. तिच्याबरोबर बसले आणि एक नवल झाले. तिने 'बे एके बे' धरले की माझे तोंड आपोआप मागून धावू लागे, बे दाहे वीसपर्यंत न अडखळता. पण समोर चार केळी ठेवून 'किती?' म्हणून विचारले की मला 'चार' येईना. मग मी खालून चढत जाई, बे एके बे, बे दुणे चार, आणि तिथे थांबे. चिमाकडे बघून मी पुष्कळ शिकले. आधी ती आळीला ऐकू जाईल असे ओरडे. मग पुटपुटे. मग ओठ बंद, नुसते बोट मांडीवर हले. आणि एक दिवस तेही थांबले, विचारले की उत्तर हजर. मला कळले, वाट हीच. मीही ओरडू लागले. अडतिसाव्या वर्षी ओसरीवर बसून बाई 'मी मीठ आणते, मी मीठ आणते' असे ओरडत कोठीत जाते, हे शेजारणींनी कुंपणावरून पाहिले. पाहोत. मीठ यायचे.

पहिला शब्द

मार्गशीर्षात मी तांदूळ निवडत बसले होते. घरात कोणी नव्हते, माझे तोंड मिटलेले होते. आणि आत कोणीतरी म्हणाले, 'हा खडा.'

मी सूप खाली ठेवले. हलले नाही. भीती वाटली की हलले तर जाईल. मग पुन्हा, 'हा दुसरा.'

आवाज माझा नव्हता, यांचा होता. तेच सावकाश बोलणे, तोच शेवटच्या अक्षरावरचा जोर. पाच महिने त्यांच्या तोंडून एकेक शब्द घेऊन मी आत ठेवला होता, तो त्यांच्याच आवाजात राहिला. पूर्वी मी मनात यांना दटावीत असे. आता हे मला आतून सांगत, 'पाणी घाल. आता झाकण.' हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी त्यांना कसेबसे सांगितले. "आत... तुम्ही... बोलता."

"काय बोलतो?"

"खडा."

"एवढ्या लांब मनात येऊन मी खडाच बोललो?" हे म्हणाले. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

वर्षभरात मी बरीच सावरले. पळीला अजूनही कधी 'ती ही' म्हणते, उजव्या हाताने लिहिता येत नाही, हे सगळे डाव्या हाताने लिहिले आहे. पण शब्द आले तसे मी पहिल्याने काय केले असेल? ते नाव मिटून टाकले. संक्रांतीनंतर ते एकदाही निसटू दिले नाही. सासूबाईंनी देवीची खणानारळाने ओटी भरली. हे म्हणाले, "म्हणजे मी पुन्हा 'अहो' झालो."

एवढेच मागितले

पुढे दोन वर्षांनी भाद्रपदात यांना ताप आला. ठाण्यात त्या साली घरोघरी ताप होता. पहिले चार दिवस थट्टा चालू होती, पाचव्या दिवशी थांबली. तेच डॉक्टर आले. बाहेर ओटीवर सासूबाईंशी हळू बोलले आणि त्यांच्या बोलण्यावरूनच मला कळले.

सातव्या दिवशी दुपारी ताप जरा उतरला. हे शुद्धीवर होते. सासूबाई पेज आणायला आत गेल्या होत्या. हे म्हणाले, "एक कर. एकदा हाक मार."

मी म्हटले, "कोणाला?"

"मला. आजारी असताना मारायचीस तशी. तेव्हा चुकून मारायचीस. आता मुद्दाम मार."

तेव्हा माझ्यापाशी सगळे शब्द होते. मी त्यांना म्हटले, पेज घ्या. म्हटले, चिमा पहिली आली आहे शाळेत. म्हटले, बरे व्हा, मग हवे ते सांगा, पण एवढे नको. दोन वर्षांपूर्वी दिवसाला पाच वेळा घेतलेल्या नावाची ही फेड चालली आहे, आणखी एकदा घेतले तर संध्याकाळही निघायची नाही, असे मला वाटत होते. हे मी त्यांना सांगितले नाही. नुसती मान हलवत राहिले.

हे थोडे हसले. म्हणाले, "आजारी होतीस तेव्हाच बरी होतीस."

नवव्या दिवशी सकाळी गेले. मी नाव घेतले नाही तरी गेले.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना

तुमच्या माणसाला एकच शब्द उरला असेल, तर तो कसलाही असो, म्हणू द्या. शिवी असो, भलत्या माणसाचे नाव असो. तो म्हणजे त्याचा उरलेला तेवढा सगळा जीव आहे. त्याला ओ द्या. आत कोणी बोलत नसेल तर तुम्ही बाहेरून बोला, रोज, तेच तेच, न कंटाळता. तुमचाच आवाज पुढे त्याच्या आत राहायला जाईल.

माझ्या आत तो अजून आहे. चूल पेटवताना, लिहिताना, हे वाक्य जुळवतानाही. फक्त दिवसेंदिवस मीच ऐकू येऊ लागले आहे. डॉक्टर म्हणतात की हे पूर्ण बरे झाल्याचे लक्षण. मला पूर्ण बरे व्हायचे नाही.

तेराव्यापर्यंत माझ्यावर जे जे व्हायचे ते झाले, त्याविषयी लिहीत नाही. त्यानंतरच्या एका दुपारी सासूबाई आणि मी माजघरात बसलो होतो. चिमा शाळेत होती. चौदा दिवस घरात ते नाव कोणीच घेतले नव्हते. कचेरीतले लोक समाचाराला आले तेही 'रावसाहेब' म्हणून गेले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "सूनबाई, घरात आता त्याला नावानं कोण म्हणणार गं? मला म्हणवत नाही. घशाशी येतं आणि थांबतं. तू म्हण. मला ऐकू दे."

मी त्यांच्याकडे सरकले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हणाले, "यशवंत."

सासूबाई हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अजून एकदा. जरा मोठ्यानं."